रोखीचं दुकान

गिरणगावातल्या प्रत्येक वाण्याकडे उधारीची वही असायची. आमच्या सहकारी भांडारात ती नव्हती, आणि नसल्याचा आम्हाला अभिमान होता. १९७९ मध्ये मी तिथे सेल्सगर्ल म्हणून लागले, तेव्हा मॅनेजरसाहेबांनी समोर बसवून विचारलं होतं, "आपलं दुकान सभासदांचं. मालक स्वतःच्याच दुकानात उधारी करतो का?" नव्या माणसाला हे ऐकवल्याशिवाय ते काउंटरवर उभं करत नसत. मागोमाग इंग्लंडातल्या रॉचडेलच्या विणकरांनी १८४४ मध्ये काढलेलं दुकान, त्यांचा रोखीचा नियम, असा सगळा इतिहास यायचा. बाकी विसरायला झालं, पण विणकरांनी काढलेलं दुकान म्हटल्यावर आम्हा गिरणीवाल्यांच्या पोरांना ते आपल्यातलं वाटायचं.

भांडार लालबाग आणि परळच्या मधल्या एका गल्लीत होतं. नायगावचा अपना बाजार १९४८ पासूनचा, त्याचं नाव मोठं. आमचं त्यापुढे काहीच नाही. खाली किराणा आणि स्टेशनरी, वर माळ्यावर कापड नि स्टीलची भांडी, मागे गोदाम. दहा रुपयांचा एक भाग, म्हणजे शेअर, घेतला की झालात सभासद. सहकारी वर्ष तेव्हा ३० जूनला संपायचं. नफा झाला तर भागावर लाभांश आणि वर्षभराच्या खरेदीवर रिबेट, म्हणजे खरेदीच्या प्रमाणात परतावा, मिळायचा. त्यासाठी प्रत्येकाला खरेदीचं पासबुक होतं. बायका ते प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून, रेशनकार्डासोबत जपून ठेवायच्या.

१८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. अडीच लाख कामगार, साठाच्या वर गिरण्या. माझे बाबाही त्यातले, साच्यावर म्हणजे मागावर. पहिले दोन महिने भांडारात फारसं जाणवलं नाही. मग पासबुकातल्या नोंदी लहान होत गेल्या. पाच किलोची गिऱ्हाइकं किलोवर आली, किलोची पावावर. सभासदच नव्हे, त्यांची पासबुकंही गावी जायला लागली. आमच्या घरात माझाच काय तो पगार, साडेतीनशेच्या आसपास. त्यामुळे बाबा मला ड्युटीवर सोडायला आल्यासारखे यायचे आणि समोरच्या नाक्यावर इतर संपकऱ्यांत दिवसभर बसून राहायचे.

वाण्यांनी मात्र उधारी चालू ठेवली. हे आज कुणाला सांगितलं तर पटत नाही. ज्या वाण्यांना सभेत 'पिळवणूक करणारे' म्हणायचे, त्यांच्या वह्या फुगत होत्या, आणि कामगारांचं म्हणून काढलेलं आमचं दुकान रोखीवर अडून बसलं होतं. साहेबांचंही चूक नव्हतं. घाऊक बाजारात आम्हाला कोण उधार देणार होतं? पण काउंटरवर उभं राहून ओळखीच्या काकूंना "पैसे आणा, मग बघू" म्हणणं साहेबांच्या वाट्याला येत नव्हतं, ते आमच्या वाट्याला होतं.

माळ्यावरच्या कापडखात्यात तर वेगळीच गंमत चालली होती. गिरण्या बंद, म्हणून मिलचं कापड संपत आलेलं. त्या जागी भिवंडीच्या पॉवरलूमचा माल येऊ लागला. म्हणजे संपावर गेलेल्यांच्या दुकानात, त्यांचा संप मोडणारं कापड, त्यांच्याच बायकांना आम्ही मीटरनं फाडून देत होतो. बाबांना मी हे सांगितलं नाही. त्यांना कळलंच असणार.

त्या वर्षी गणपती २२ ऑगस्टला, रविवारी होते. गोदामात गुळाच्या ढेपा येऊन पडल्या होत्या. पावसाळ्यातला गूळ म्हणजे डोक्याला ताप. ढेपेला पाझर सुटतो, गोणपाट ओलं होतं, आणि वजनात जी घट येते ती शेवटी आमच्या नावावर. गोदामातले नाना छिन्नी-हातोडीनं ढेप फोडायचे. आम्ही मुली ओल्या फडक्याला हात पुसत अर्धा-अर्धा किलो तोलून जाड खाकी कागदात बांधायचो. दोरा वरच्या रिळातून खाली यायचा. पुडीला दोन वेढे, उलटी गाठ, आणि अंगठ्याच्या नखानं झटका देऊन तोडायचा. माझ्या अंगठ्याला त्याची खाच पडली होती. चुरा राहायचा तो वेगळ्या डब्यात, चहासाठी. तो कुणी घरी नेला तर नाना ओरडायचे, पण रोज थोडा कमी व्हायचाच.

१८ ऑगस्टला, बुधवारी, संपाला बरोबर सात महिने झाले होते. पोलिसांनी स्वातंत्र्यदिनाला काळ्या फिती लावल्याचं सगळ्यांना माहीत होतं. बाबासाहेब भोसले मुख्यमंत्री होते. त्या पहाटे सरकारनं पोलीस संघटनेच्या पुढाऱ्यांना उचललं आणि नायगाव-वरळीच्या पोलीस वसाहतींना लष्कराचा वेढा पडला. नायगावात राहणारी आमची एक सहकारी मुलगी आली नाही, तेव्हा साहेबांनी तिची रजा मांडली. कुणाला काय ठाऊक! मी चिंचपोकळीहून चालत आले होते. वाटेतल्या नाक्यांवर एकही हवालदार नव्हता, हे माझ्या लक्षात आलं होतं, पण त्याचा अर्थ लावला नव्हता.

दहा-साडेदहाला आंबेडकर रोडवरून आरडाओरडा ऐकू आला. बसवर दगड पडत होते. बातमी गल्लीत येईपर्यंत दोन दुकानांची शटरं वाकवलेली होती. साहेबांनी आत असलेल्या गिऱ्हाइकांना मागच्या दारानं काढलं आणि शटर ओढलं, पण आतून पूर्ण लागेना. खाली वीतभर फट राहिली. कॅशियर मावशी गल्ला पदराखाली घेऊन तांदळाच्या पोत्यांमागे बसल्या. नाना ढेप फोडायची हातोडी घेऊन उभे राहिले. त्यांचं वय बघता ती हातोडी कुणाला लागली असती देव जाणे.

फटीतून फक्त पाय दिसत होते. आधी चपला, मग अनवाणी, मग बरेच. कुणीतरी सळईनं शटरवर ठोकलं. आणि मग एक आवाज आला, सातारकडचा, घोगरा:

"ए पोरा, दुकान कुनाचं हाय म्हायतंय का तुला?"

"कुनाचं?"

"माझं. धा रुपय भरल्यात. फोडायचं आसंल तर आधी माझा भाग परत दे."

कुणीतरी हसलं. सळई वाजायची थांबली. मग दुसऱ्या कुणाचा तरी आवाज, "माझे पण दहा." तो आवाज मी लगेच ओळखला. बाबांचा होता. बाबा गर्दीत तोंड उघडणारे नव्हेत. थोड्या वेळानं पायांच्या जागी पाठी दिसू लागल्या. नाक्यावरचे दहा-बारा जण शटरला टेकून ओळीनं पायरीवर बसले होते. दुपारपर्यंत हलले नाहीत.

लुटणारे सगळे गुंड होते असं म्हणतात. मला तसं म्हणता येत नाही. वरच्या खिडकीतून मी पाहिलं, त्यातले काही चेहरे आमच्या काउंटरवरचे होते. सात महिने पगार नाही, समोर उघडं दुकान, आणि ज्यांनी अडवायचं ते स्वतःच वेढ्यात. पोलीसही तिकडचेच ना, साताऱ्याचे, रत्नागिरीचे. एका घरात थोरला पोलिसात आणि धाकटा गिरणीत, अशी कितीतरी घरं आमच्या चाळीत होती.

एकच्या सुमाराला फटीतून एक हात आत आला, हिरव्या बांगड्यांचा. "ताई, अमूलस्प्रेचा डबा आहे का? पोर सकाळपासून रडतंय." मागच्या चाळीतली सभासद. मी डबा काढला. साहेबांनी मान हलवली, द्या. तेवढ्यात पोत्यांमागून मावशी बाहेर आल्या.

"साहेब, पावती?"

"अहो मावशी, बाहेर काय चाललंय!"

"माल बाहेर गेला की कागद हवा. दंगल असली तरी."

बाईकडे पैसे नव्हते. हात तसाच फटीत. मावशींनी पावती फाडली, रकमेपुढे लाल शाईनं 'येणे' लिहिलं आणि साहेबांकडे सहीला धरली. साहेबांनी पेन हातात घेतलं आणि ते पावतीकडे बघत राहिले. भांडाराच्या इतिहासात असा शब्द पावतीवर चढला नव्हता. मग त्यांनी सही केली. डबा फटीतून जाईना, आडवा करून ढकलावा लागला. सोबत मी एक गुळाची पुडी सरकवली, ती पायरीवरच्या लोकांसाठी. तिचीही पावती झाली, 'कर्मचारी चहा खर्च' म्हणून.

दुपारनंतर लष्कराच्या गाड्या फिरल्या, संचारबंदीचं ऐकू आलं. बाबा मला आतल्या गल्ल्यांतून, चाळींच्या मोऱ्यांमागून घरी घेऊन गेले. वाटेत एकदाच बोलले, "तुमच्या साहेबाला म्हणावं, आज राखलं. रविवारी गणपती आहेत."

हे मी साहेबांना सांगायची गरज पडली नाही. भांडार पुन्हा उघडलं तेव्हा पायरीवर बसलेले तेच लोक रांगेत उभे होते, पिशव्या घेऊन, आणि खिशात पैसे नव्हते. दुकान वाचवलं म्हणून माल द्या, असं एकानंही म्हटलं नाही. म्हणाले असते तर नाही म्हणणं सोपं गेलं असतं.

संचालक मंडळाची तातडीची सभा कापडाच्या माळ्यावर झाली. चहा द्यायच्या निमित्तानं मी तिथे होते. उधारी द्यायची नाही यावर सगळे ठाम, आणि काही द्यायलाच हवं यावरही सगळे ठाम. वाट मावशींनी काढली. मागच्या जूनअखेरच्या वर्षाचा रिबेट अजून वाटायचा होता. तो नफा सभासदांचाच. वार्षिक सभा होऊन मंजुरी मिळायची बाकी, एवढंच. तर त्यातून प्रत्येक सभासदाला पंचवीस रुपयांच्या मालाचं कूपन आधी द्यायचं आणि सभेनंतर हिशेबात वळतं करायचं. "ही उधारी नाही," मावशी म्हणाल्या, "आपणच त्यांचं देणं लागतो." एका संचालकानं विचारलं, ज्यांची खरेदीच कमी आहे, ज्यांचा रिबेट पंचवीस होत नाही, त्यांचं काय? कुणी उत्तर दिलं नाही, आणि ठराव झाला.

कूपनं आम्हीच रात्री बसून केली. सायक्लोस्टाइल करायला वेळ नव्हता, म्हणून खाकी कागदाचे तुकडे, भांडाराचा शिक्का, साहेबांची सही. शनिवारी रात्री उशिरापर्यंत भांडार चालू होतं. गूळ, साखर, तांदूळ, दोन नारळ, कापूर, वातीचा कापूस. नारळ संपले तेव्हा नानांनी गोदामाच्या कोपऱ्यातून स्वतःसाठी बाजूला ठेवलेले दोन आणून दिले, शिव्या देत.

लेखापरीक्षक पुढच्या वर्षी आले. त्यांनी कूपनं काढली, रिबेटची यादी काढली, आणि ज्यांना जास्त गेलं होतं त्या सगळ्यांची नावं बाजूला लिहून 'नियमबाह्य उधारी' असा शेरा मारला. अमूलस्प्रेच्या डब्याचाही वेगळा मुद्दा केला. पावती ऑगस्टची, पैसे जमा सप्टेंबरात, हे कसं? बाईनं ते पैसे सुट्ट्या नाण्यांत आणून दिले होते, मावशींनी मोजून घेतले होते. दोषदुरुस्ती अहवालात साहेबांनी एवढंच लिहिलं: सभेची कार्योत्तर मंजुरी घेतलेली आहे.

ती मंजुरीही सुखासुखी मिळाली नव्हती. वार्षिक सभा म्युनिसिपालिटीच्या शाळेत भरली होती. संप चालूच होता, हॉल गच्च. लाभांश, रिबेट, अंदाजपत्रक, सगळं दहा मिनिटांत हात वर होऊन गेलं. कूपनाचा विषय आला तसे मागच्या बाकावरचे एक काका उभे राहिले. ते संगमेश्वरला गेले होते, संपामुळे शेतीकामाला.

"मी गावाला होतो म्हणून माझं कूपन बुडालं काय?"

अध्यक्ष म्हणाले, कूपन गणपतीपुरतं होतं.

"असं ठरावात लिहिलंय?"

ठरावात तसं लिहिलेलं नव्हतं. मग दुसरे उठले, ते मालवणला होते. तिसऱ्याची बायको बाळंतपणाला माहेरी गेलेली, पासबुक तिच्याकडे. पाऊण तास त्यातच गेला. पायरीवर बसलेल्यांना वेगळं काही द्यावं, अशी सूचना कुणीतरी मांडली, तेव्हा बाबा मागून "नको नको" म्हणत उठून बाहेर गेले. शेवटी गावी असलेल्या सगळ्यांना कूपन देण्याची दुरुस्ती होऊन ठराव मंजूर झाला. संगमेश्वरचे काका दुसऱ्याच दिवशी सकाळी पहिल्या नंबरला हजर. गूळ नको म्हणाले, गणपती होऊन गेले, दिवाळीसाठी डालडा द्या. डालडा त्या आठवड्यात आमच्याकडे आलाच नव्हता.