बोलायला नकार देणारी नायिका

जपानी अभिनेत्री आणि गायिका मेइको काजीचा आवाज मी आधी ऐकला, चेहरा कितीतरी नंतर पाहिला. 'किल बिल' संपला, पडद्यावर नावं सरकू लागली आणि कुणी बाई खालच्या पट्टीत, सावकाश, जपानीत गाऊ लागली. शब्दही कळत नव्हता, पण शेवटचं नाव जाईपर्यंत मी जागची हलले नाही. गाणं होतं 'उरामी-बुशी'. १९७२ मध्ये 'सासोरी' म्हणजे 'विंचू' या चित्रपटमालिकेसाठी काजीनंच गायलेलं, शब्द खुद्द दिग्दर्शक शुन्या इतो यांचे.

मग शोधून शोधून ते चित्रपट पाहिले. आवाजानं ओढून नेलं होतं, आणि पडद्यावर ही बाई बोलतच नव्हती!

त्याची कथा मला फार आवडते. मूळ मांगामधली, म्हणजे जपानी चित्रकथेतली, नायिका चांगलीच शिवराळ. काजीनं सांगितलं, हे संवाद मी म्हणणार नाही, पण गप्प राहून भूमिका करेन. केवढी हिंमत! दुसऱ्या भागाची सुरुवातच बघा. तळघरातली कोठडी, हातपाय जखडलेले, आणि ती दातांत चमचा धरून फरशीवर घासतेय. घासतेय, घासतेय. त्या चमच्याला धार येत जाते तशी आपल्या पोटात कालवाकालव होते. डोळे तेवढे जिवंत. त्या डोळ्यांसाठीच जगभर लोक आजही तिच्यावर जीव टाकतात.

ती मूळची टोकियोची मासाको ओता, जन्म १९४७ चा. १९६५ मध्ये निक्कात्सु स्टुडिओत आली, १९६९ मध्ये दिग्दर्शक मासाहिरो माकिनो यांनी नवं नाव दिलं. १९७१ मध्ये निक्कात्सु कामुक चित्रपटांकडे वळला तेव्हा ती तिथून बाहेर पडली. 'सासोरी'चे चार भाग केले आणि तेही सोडलं. १९७३ चा 'लेडी स्नोब्लड' तर 'किल बिल'चा दिग्दर्शक टॅरंटिनो याच्यामुळे सगळ्यांना ठाऊक झाला. बर्फ, पांढरा किमोनो, छत्रीच्या दांड्यात लपवलेलं पातं.

पण तिचे चाहते इथेच थांबतात याचं मला मनापासून वाईट वाटतं. यासुझो मासुमुरा यांचा १९७८ चा सोनेझाकीच्या प्रेमी जोडप्यावरचा चित्रपट बघा ना! मूळ नाटक जपानी नाटककार चिकामात्सूचं, १७०३ मधलं, बाहुल्यांच्या खेळासाठी लिहिलेलं. चित्रपटात काजी त्याची नायिका ओहात्सु झाली आहे, आणि इथे ती बोलते, भरभरून बोलते. मरायचं ठरवलेली ही मुलगी जणू लग्नाला निघाल्यासारखी उतावीळ आहे. गप्प राहून जे साठवलं होतं ते सगळं इथे मोकळं झालं असं मला वाटलं. किनेमा जुंपो मासिकाचा सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा पुरस्कार तिला याच भूमिकेसाठी मिळाला.

त्यानंतर १९८९ ते २०१६ टीव्हीवर 'ओनिहेई हानकाचो' मालिकेत ती ओमासा, पूर्वाश्रमीची चोर आणि आता खबरी. एकच बाई, इतकी वर्षं. मी आता ते भाग मिळतील तसे बघतेय, आणि सुरुवातीची नावं येताना तिचं नाव ओळखण्यापुरती जपानी अक्षरं गिरवायला घेतली आहेत. 'काजी'चं चिन्ह जमलं, 'मेइको'वर अजून हात बसायचाय.