सोलापूर ते चियांग माई: लॅपटॉपवरची नोकरी, डीटीव्ही व्हिसा आणि दोन देशांचे दिवस

रात्रीच्या सिद्धेश्वर एक्सप्रेसने दादर, तिथून विमानतळ, मग बँकॉक आणि पुढे तासाभरात उत्तर थायलंडमधलं चियांग माई. प्रवास एवढाच. खरा वेळ खातात ते निघण्याआधीचे कागद, आणि पोचल्यावर दिवस मोजणं.

भारतातली नोकरी थायलंडमध्ये बसून करायची तर डीटीव्ही, म्हणजे ‘डेस्टिनेशन थायलंड व्हिसा’ काढावा. जुलै 2024 मध्ये सुरू झालेला हा व्हिसा पाच वर्षं चालतो, कितीही वेळा जाता-येता येतं आणि दर प्रवेशाला 180 दिवस मिळतात. मूळ फी 10,000 बात (थाई चलन). अर्ज नाकारला तरी ती परत मिळत नाही. वय 20 पूर्ण हवं आणि खात्यात 5 लाख बात दाखवावे लागतात, म्हणजे चौदा लाख रुपयांच्या आसपास. अर्ज ऑनलाइन आणि थायलंडबाहेरूनच करायचा. आपल्याकडचे अर्ज मुंबईच्या थाई वाणिज्य दूतावासाकडे जातात.

अर्ज अडतो तो साध्या गोष्टींवर. सहकारी बँकेच्या पासबुकाची झेरॉक्स जोडू नका. सही-शिक्क्याचं इंग्रजी स्टेटमेंट मागून घ्या. बँकेत आडनाव आधी आणि पासपोर्टवर शेवटी असेल तर ते निघण्याआधीच जुळवा. कंपनीच्या पत्रात पद आणि पगाराबरोबरच ‘परदेशातून काम करण्यास परवानगी आहे’ हे वाक्य स्पष्ट हवं. एचआरचं नेहमीच्या छापाचं पत्र इथे तोकडं पडतं. पासपोर्टची मुदत संपत आली असेल तर आधी सोलापूरच्या पोस्टातल्या पासपोर्ट केंद्रात नूतनीकरण करा, आणि 60 पानांचाच घ्या.

विमानाआधीच्या तीन दिवसांत टीडीएसी हे आगमन-कार्ड ऑनलाइन भरायचं. ते फुकट आहे. पैसे मागणारी साइट खोटी. पोचल्यावर 24 तासांत घरमालकाने टीएम-30, म्हणजे परदेशी माणूस घरात राहतोय ही नोंद इमिग्रेशनकडे करायची असते. ती झाली का हे आपणच विचारावं, कारण मुदतवाढीच्या वेळी ती पावती मागतात. मुक्काम सलग 90 दिवसांवर गेला की पत्त्याची वेगळी खबर द्यावी लागते. मुक्कामाची मुदत उलटली तर दंड दिवसाला 500 बात, कमाल 20,000. चियांग माईत फेब्रुवारी ते एप्रिल शेतं-जंगलं जाळल्याचा धूर असतो, तेवढे महिने टाळलेले बरे. घड्याळ मात्र सोयीचं: आपले साडेनऊ म्हणजे तिथले अकरा.

आता कर. भारताचं वर्ष एप्रिल ते मार्च, थायलंडचं जानेवारी ते डिसेंबर. तिथे वर्षात 180 दिवस झाले की करासाठी रहिवासी. 1 जुलैला उतरलात तर पासपोर्टवर मुक्कामाचा शिक्का 27 डिसेंबरपर्यंतचा, आणि मोजून बरोबर 180 दिवस! म्हणजे व्हिसाची मुदत पूर्ण वापरली की रहिवासी झालातच. 15 जुलैला उतरून वर्षअखेरपर्यंत राहिलात तर 170 भरतात.

पण ‘170 दिवस, म्हणजे सुटलो’ हा गैरसमज. थायलंडच्या कायद्यात तिथे बसून केलेल्या कामाचं उत्पन्न तिथलंच, पगार कुठेही जमा होवो. भारताशी असलेल्या दुहेरी कर टाळण्याच्या करारात थोड्या मुक्कामाच्या नोकरदारांना सवलत आहे, पण तिच्या अटी आहेत. त्या सीएकडून निघण्याआधीच तपासून घ्या.

इकडे भारतात वर्षात 182 दिवस राहिलं की रहिवासी, हा आकडा सगळ्यांना पाठ असतो. दुसरी अट विसरतात: वर्षात 60 दिवस आणि मागच्या चार वर्षांत 365 दिवस भारतात असाल तरी रहिवासीच. नोकरीसाठी देश सोडणाऱ्यांना, त्या वर्षापुरती, 60 ऐवजी 182 ची सूट आहे. पण नोकरी भारतीय कंपनीचीच असेल तर ‘नोकरीसाठी गेलात कुठे?’ असा वाद निघू शकतो. 1 एप्रिल ते 1 जुलै हेच 92 दिवस झाले. त्यात जानेवारीत सोलापूरच्या गड्ड्याच्या जत्रेला वीस दिवस आलात की 112, म्हणजे 60 च्या वरच.

अनिवासी ठरलात तरी पगार सोलापूरच्या खात्यात जमा होत असेल तर तो ‘भारतात मिळालेला’ म्हणून इथे करपात्र धरला जातो. करारातली सवलत मागायची तर थाई महसूल खात्याचं रहिवासी प्रमाणपत्र लागतं, आणि त्यासाठी तिथे रहिवासी ठरून विवरणपत्र भरलेलं असणं आलंच. दोन्हीकडे रहिवासी ठरलात तर कायमचं घर कुठे, कुटुंब आणि आर्थिक संबंध कुठे, या क्रमाने निर्णय होतो. बायकामुलं सोलापुरात असतील तर उत्तर बहुधा भारत. मग थायलंडमधलं बँक खातंही इथल्या विवरणपत्राच्या परदेशी मालमत्तेच्या तक्त्यात दाखवायचं, त्यात शिल्लक कितीही कमी असो.