ह्यो हलगीवाला कुठला?

परवा रविवारी घरी मटण होतं, त्यामुळं भाचा न बोलावता हजर. आल्या आल्या त्यानं स्पीकरला मोबाईल जोडला आणि पब्लिक एनिमी ह्या अमेरिकन हिप-हॉप (रॅप) ग्रुपचं 'फाइट द पॉवर' लावलं, 1989 चं, म्हणजे हा जन्मायच्या कितीतरी आधीचं. आण्णा (माझे वडील, आख्खी नोकरी कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथवर गेली) तांबड्या रश्श्यात भाकरी कुस्करत होते, ते थांबले आणि म्हणाले, "ह्यो हलगीवाला कुठला रं?"

मला तर आनंदच झाला, कारण त्या गाण्यात ज्या ड्रमचा तुकडा उचललाय तो वाजवणाऱ्या क्लाइड स्टबलफील्डला मी कॉलेजपासून पुजतोय. जेम्स ब्राऊन म्हणजे सोल आणि फंक ह्या अमेरिकन काळ्या लोकांच्या संगीतातला मोठा गायक, त्याच्या बँडचा ड्रमर. 1969 ला सिनसिनाटीत 'फंकी ड्रमर' रेकॉर्ड झालं, त्यात बाकीचे सगळे गप्प होतात आणि हा एकटा काही सेकंद वाजवतो, बास, तेवढंच. पुढं सॅम्पलर (जुन्या गाण्याचा तुकडा उचलून परत परत वाजवणारं यंत्र) आल्यावर हिप-हॉपवाल्या पोरांनी तोच तुकडा शेकडो गाण्यांत वापरला. ऐकायला सोपा वाटतो पण मोठ्या ठोक्यांच्या मधे स्नेअरवर (कडक आवाजाचा छोटा ड्रम) इतके हलके ठोके आहेत की ते कळतात कमी आणि पायाला जाणवतात जास्त. आणि ब्राऊनचा नियम एकच, पहिल्या मात्रेवर सगळ्यांनी मिळून वजन टाकायचं. आपल्या भजनात समेवर आख्ख्या मंडळींच्या माना पडतात ना, तसंच. खासबागेच्या कुस्ती मैदानात हलगी कडाडली की न खेळणाऱ्याचे पण दंड फुरफुरतात, त्याला कुठं कोण अर्थ समजावून सांगतं?

पण आण्णांना खरी गोडी लागली ती दुसऱ्याच गोष्टीत. क्लाइड शिकला कुठं, तर अमेरिकेतल्या चॅटानूगा नावाच्या गावात, लहानपणी कारखान्यांचे आणि रेल्वेचे आवाज ऐकत ऐकत. आण्णा म्हणाले, "मग बरोबर हाय, पॉवर प्रेस असाच बोलतोय." मग मी सुटलोच. मोटाउन ही सोल गाण्यांच्या रेकॉर्डची कंपनी काढणारा बेरी गॉर्डी आधी डेट्रॉइटला मोटारीच्या कारखान्यात कामाला होता, 1959 ला घरच्यांकडनं 800 डॉलर उसने घेऊन त्यानं धंदा टाकला. सोल गायक बिल विदर्स आधी विमानांच्या टॉयलेट सीट बनवायचा, 1971 च्या पहिल्या अल्बमच्या कव्हरवर गडी हातात जेवणाचा डबा घेऊन उभा आहे, मी तो फोटो दाखवल्यावर आण्णांनी चष्मा लावून डबाच नीट बघितला, विदर्सकडं नंतर. लोक म्हणतात सोल म्हणजे प्रेम आणि विरह, असेल, पण मला तरी त्यात शिफ्ट सुटल्यावरचा माणूस ऐकू येतो, आणि तो कुठल्याबी पिढीला ओळखीचा वाटणार.

भाच्याला ह्यातलं निम्मं माहीतच नव्हतं, त्याला फक्त बीट कडक वाटला होता, आणि त्यात काय वाईट नाही म्हणा, मी पण तसाच शिरलो होतो.

मग त्यानं विचारलं, क्लाइड एवढ्या गाण्यांत वाजला म्हणजे करोडपती झाला असेल की. नाही झाला. गाण्यावर त्याचं नावच नव्हतं, त्यामुळं त्या सॅम्पलिंगचे पैसे त्याला जवळपास मिळालेच नाहीत, 2017 ला गेला.

आण्णांनी ताटात हात धुतला. "म्हंजे आयुष्यभराचा ओव्हरटाइम फुकटच की रं."

आणि भाच्याला म्हणाले, परत लाव ते.