ऑफिसातला रीफ टँक आणि "आवाज बसेल हो मॅडम"

आधीच सांगते, मासे, कोरल, मीठ, टेस्ट किट यातलं काहीही मला जड गेलं नाही. मला जड गेला एक इंचाचा व्हॉल्व्ह. त्याचा राग अजून गेलेला नाही म्हणून हे लिहितेय.

ठाण्यात आमचं टॅक्सचं छोटं ऑफिस आहे, सात माणसं. सरांना रीफ टँक, म्हणजे कोरल (प्रवाळ) आणि मासे असलेला समुद्राच्या पाण्याचा टँक, हवा होता, अट एकच, आवाज नको, कारण टँकपासून चार फुटांवर क्लायंट बसतात आणि आकडे हळू आवाजात सांगतात. साईज ठरवायला वेळ लागला नाही, तीन फूट लांब, दीड बाय दीड, म्हणजे साधारण १९० लिटर. दगड, स्टँड, खालचा संप (कॅबिनेटमधली दुसरी टाकी) धरून वजन ३०० किलोच्या वर जातं, त्यामुळे मधल्या जागेत न ठेवता बीमच्या कडेला भिंतीशी ठेवला.

दुकानात टँक बघितला तेव्हा एकदम शांत वाटला. वाटणारच, आजूबाजूला पन्नास टँक, एअर पंप आणि बाहेर रिक्षांचे हॉर्न. हा माझा पहिला मूर्खपणा. तुम्ही जाल तेव्हा दुकान उघडायच्या वेळी जा, बाकीचं बंद करायला सांगा आणि कॅबिनेटचं दार उघडून कान लावा. लाज वाटली तरी लावा.

ऑफिसात चालू केला आणि अर्ध्या तासात कळलं. टँकच्या कोपऱ्यात ओव्हरफ्लो असतो, तिथून पाणी पाईपने खाली संपात उतरतं आणि रिटर्न पंप ते परत वर ढकलतो (आमच्याकडे रिटर्न म्हटलं की सगळ्यांना जुलै महिना आठवतो, पण असो). खाली जाणाऱ्या पाण्याबरोबर हवाही ओढली जाते आणि दर चार-पाच सेकंदांनी घुर्रर्र-गळळ, जसं कोणी उसाच्या रसाचा शेवटचा घोट स्ट्रॉने ओढतंय. दुसऱ्या दिवशी एका क्लायंटने विचारलं, "तुमच्या बाथरूमचा फ्लश चालू राहिलाय का?" सर माझ्याकडे बघत होते.

दुकानदाराला फोन. "नवीन पाईप आहे, आवाज बसेल हो मॅडम." अगदीच खोटं नाही ते, पाईपात आतून बुळबुळीत थर धरला की थोडा फरक पडतो म्हणतात. आठवडा गेला. "बसेल." दुसरा गेला. "पाईपाच्या तोंडाला स्पंज लावा." स्पंज मुळीच लावू नका, तो तुंबला की पाणी वरून जमिनीवर येतं. तिसऱ्या आठवड्यात मोबाईलवर आवाज मोजायचं ॲप घेतलं. टँक बंद असताना ३८, चालू असताना ५२. ॲपचे आकडे कितपत खरे माहीत नाही, पण फरक तर खरा ना!

मग रात्री बसून वाचलं तेव्हा कळलं की यावर जुना उपाय आहे, हर्बी ओव्हरफ्लो म्हणतात. दोन पाईप लागतात. एकाला खाली गेट व्हॉल्व्ह (बरेच वळसे फिरवून हळूहळू बंद होणारा) लावून तो इतपतच उघडायचा की पाईप कायम पाण्याने भरलेला राहील, हवा आत शिरतच नाही, म्हणून आवाजच नाही. दुसरा पाईप थोडा उंच, मोकळा, तो इमर्जन्सीचा, पहिला तुंबला तर सगळं पाणी त्याने उतरायला हवं. आमच्या टँकला भोकं दोनच होती, एक ड्रेनचं, एक रिटर्नचं. त्यावरही तोड निघाली: रिटर्नचं भोक इमर्जन्सीला द्यायचं आणि रिटर्नचा पाईप टँकच्या काठावरून आत सोडायचा.

प्लंबरदादा खूश, तासाभराचं काम. आणि घेऊन आले पितळी गेट व्हॉल्व्ह. पितळेत तांबं असतं, खाऱ्या पाण्यात ते सुटतं आणि कोळंबी, गोगलगायी, कोरल सगळं मरतं. मी म्हटलं प्लास्टिकचा आणा. "मॅडम, प्लास्टिकमध्ये बॉल व्हॉल्व्ह येतो, गेट पितळेतच येतो." बॉल व्हॉल्व्हने जमत नाही, चौथाई वळसा फिरवला की पूर्ण बंद, आपल्याला केसभर फिरवायचं असतं. चार हार्डवेअरची दुकानं फिरले, चारही ठिकाणी हेच उत्तर, वर एकाने "पितळी टिकाऊ असतो ताई" असं समजावलं. शेवटी ऑनलाईन मागवला, १९ दिवसांनी आला. आणि बसेना! आमचा पाईप एक इंची, त्याचा बाहेरचा व्यास ३३.४ मिलिमीटर, व्हॉल्व्ह ३२ मिलिमीटरचा. दीड मिलिमीटरही नाही फरक, पण बसेना म्हणजे बसेना. प्लंबरदादा पाईप कानशीने घासायला निघाले होते, मी हात धरला. परत मागवा, परत बारा दिवस. म्हणून ऑर्डर करण्याआधी पाईप इंची आहे की मिलिमीटरचा हे बघा, पाईपवर छापलेलं असतं.

बसवल्यावर व्हॉल्व्ह हळूहळू बंद करत गेले, घुर्रर्र बारीक होत गेली आणि एका ठिकाणी थांबलीच. मी उठून पंप बंद पडला का बघितलं. ॲपवर ४०. सरांना केबिनमधून बोलावून आणलं, ते म्हणाले "चालू आहे?" मला तेवढंच ऐकायचं होतं.

लगेच दोन टेस्ट करा. व्हॉल्व्ह पूर्ण बंद करून इमर्जन्सी पाईप एकटा सगळं पाणी नेतो का बघा. मग मेन स्विच बंद करा, वरचं पाणी खाली येतं तेव्हा संप भरून सांडत नाही ना बघा. काठावरून आणलेल्या रिटर्न पाईपला पाण्याच्या पातळीच्या जरा खाली छोटं भोक पाडावं लागतं, नाहीतर लाईट गेल्यावर तोच पाईप उलटा टँक उपसतो. आम्ही ते विसरलो होतो, दोन फायली भिजल्या. लाईट परत आली की मिनिटभर गळगळ होते, घाबरू नका.

बाकीचे आवाज किरकोळ. पंपाखाली जुना माऊसपॅड, पंप आणि पाईपमध्ये वीतभर सिलिकॉनची मऊ नळी. चिलर, म्हणजे पाणी थंड करणारं मशीन, मात्र खोलीत नकोच, फ्रिजसारखा घरघरतो आणि गरम हवा सोडतो, आमचा बाल्कनीत आहे. तो टाळताही येत नाही, शनिवारी संध्याकाळी एसी बंद झाला की मेमध्ये पाणी ३० च्या वर जातं आणि रीफला २५-२६ बरं.

हो, कोरलचं राहिलं. दुकानदार हार्ड कोरलचा तुकडा "आपल्याच समुद्रातला, स्वस्तात" म्हणून देत होता. नाही घेतला. हार्ड कोरल १९७२ च्या वन्यजीव कायद्यात शेड्यूल १ मध्ये, म्हणजे सगळ्यात कडक संरक्षणाच्या यादीत आहेत, आणि टॅक्सवाल्यांच्या ऑफिसात तसला माल म्हणजे कमालच. आमच्याकडे मशरूम आणि झोआ (हे कडक सांगाडा नसलेले, मऊ प्रकार), बिलासकट, दगड सिरॅमिकचे आणि दोन क्लाऊनफिश.

व्हॉल्व्हच्या दांड्यावर नेलपॉलिशने खूण केलीय, कारण एकदा झाडू मारताना मावशींचा धक्का लागला आणि उसाचा रस परत सुरू. पितळी व्हॉल्व्ह दुकानदाराने परत घेतला नाही, माझ्या टेबलावर पेपरवेट म्हणून आहे. कोणाला गच्चीवरच्या टाकीला हवा असेल तर घेऊन जा, टिकाऊ आहे म्हणे.