रतलामी गायब झाली त्याची गोष्ट (पायथन ईनम, माझा अनुभव)

राजवाड्याजवळ काकांचं नमकीनचं दुकान आहे, त्यांच्या बिलाचा पायथन प्रोग्राम मीच लिहिलाय. शेवेचे ९ प्रकार (रतलामी, लौंग वगैरे) ईनममध्ये, म्हणजे ठरलेल्या नावांची यादी ठेवणाऱ्या पायथनच्या क्लासमध्ये टाकले (यादीतलं एकेक नाव म्हणजे मेंबर), प्रत्येकाला भाव आणि वजन चिकटवायचं होतं म्हणून समोर टपल (कंसातली भाव-वजनाची जोडी) दिलं आणि डबल अंडरस्कोरवाल्या इनिटमध्ये (मेंबर बनला की त्यात माहिती भरणारं फंक्शन) सेल्फ डॉट भाव, सेल्फ डॉट वजन. पाच मिनिटांचं काम, मी खूष.

संध्याकाळी काकांचा फोन, "अरे, मी रतलामी देतोय आणि बिलावर लौंग छापून येतेय!"

एरर म्हणाल तर एकही नाही, हाच तर वैताग. आधी प्रिंटरवर संशय, मग फाईल सेव्ह झाली नसेल म्हणून पायकॅश (पायथनने साठवलेल्या जुन्या फाईली) उडवलं, मशीन दोनदा रिस्टार्ट केली. फॉर लूप फिरवला तर प्रकार ८! परत मोजले, ८च. रात्री अकराला शेलमध्ये रतलामी प्रिंट केली तर लौंग आली, दोघींमध्ये 'इज' लावून, म्हणजे दोन्ही एकच का, असं विचारलं तर म्हणे ट्रू. तेव्हा कुठे टपलकडे नीट बघितलं: दोन्ही ७० रुपये, २०० ग्रॅम. ईनमला व्हॅल्यू (इथे ते टपलच) सारखी दिसली की तो दुसऱ्या नावाला पहिल्याचं टोपणनाव समजतो, आणि लूपमध्ये टोपणनावं येतच नाहीत. डबल अंडरस्कोरवाल्या मेंबर्समध्ये (टोपणनावांसकट सगळ्या नावांची यादी) मात्र नऊच्या नऊ होते, तिथे आधी बघायला हवं होतं.

मग इनिट काढून न्यू (मेंबर मुळात घडवणारं फंक्शन) लिहिलं: ऑब्जेक्ट डॉट न्यूने मेंबर बनवायचा, अंडरस्कोर व्हॅल्यू अंडरस्कोरमध्ये प्रत्येकाचा वेगळा कोड, भाव-वजन नुसते अ‍ॅट्रिब्यूट, आणि शेवटी रिटर्न (मी विसरलो होतो, अजून दहा मिनिटं गेली). फायदा असा की आता क्लासला नुसता कोड दिला तरी मेंबर मिळतो, आधी अख्खं टपल द्यावं लागायचं नाहीतर व्हॅल्यू एरर.

आणि हो, हे खरं तर सगळ्यात आधी सांगायचं होतं, क्लासच्या डोक्यावर युनिक डेकोरेटर (@ ने सुरू होणारी एक ओळ) लावा. ईनमबरोबर ३.४ पासून, म्हणजे २०१४ पासून आहे तो. प्रोग्राम सुरू होतानाच ओरडतो आणि कोण कोणाचं टोपणनाव झालंय तेही सांगतो, माझी संध्याकाळ वाचली असती.

दुसऱ्या दिवशी काकांना हे सगळं समजावलं. ते म्हणाले, "एवढंच होतं तर रात्रीच सांगायचं ना, रतलामी पाच रुपयांनी वाढवली असती."