मैना, तिचे कान आणि माझा हात

लग्नाच्या वरातीत घोडी दिसली की माझं लक्ष नवरदेवाकडे जातच नाही, मी सरळ तिच्या तोंडाकडे बघते. ओठांच्या कोपऱ्यात जुने वण आहेत का, लगामाला कुणाचा हात लागला की मान वर फेकतेय का, तोंड सारखं उघडतेय का. बऱ्याचदा हे सगळं असतं आणि त्यामागे असतो काटे लगाम. तोंडात जाणाऱ्या लोखंडी दांडीला टोकं काढलेली असतात, लगाम जरा ओढला की ती जिभेत आणि हिरडीत रुततात, मग घोडी थयथय करते आणि बघणारे म्हणतात काय नाचतेय बघा. असले लगाम वापरायला 1965 च्या केंद्रीय नियमांत बंदी आहे, तरी ते विकले जातात आणि वापरले जातात. मला याचा खरंच खूप राग येतो.

आमची मैना अशाच वरातीच्या कामातून सुटून आलेली. मारवाडी घोडी, कुम्मैत म्हणजे तांबूस तपकिरी रंग आणि काळी आयाळ, कानांची टोकं वर एकमेकांना भिडतात. सासवडच्या बाजूला माझ्या चुलतभावाचं शेत आहे तिथे ती असते. आली तेव्हा खायला-प्यायला ठीक होती, खरारा करू द्यायची, खुरं उचलू द्यायची, पण हात डोळ्याच्या वर गेला की संपलं, मान आभाळात आणि मागचे पाय तयार. तिचं सगळं बघणारे चाचा आयुष्यभर घोड्यांतच राहिलेत, त्यांनी बघितल्या बघितल्या सांगितलं, ताई, हिचा कान पिळून लगाम चढवलेला आहे, डावा कान जास्त. आणि खरंच उजव्या बाजूने ती जरा तरी सहन करायची.

बरेच जण विचारतात की तुम्ही ते नॅचरल हॉर्समनशिप करता म्हणजे नक्की काय करता, म्हणून आज जरा सविस्तर लिहितेय. जबरदस्ती न करता, घोड्याचं वागणं वाचून त्याला शिकवायची ही पद्धत जी लोकांपर्यंत पोचली ती अमेरिकेच्या पश्चिमेकडच्या रँचवरून. ओरेगॉनमध्ये वाढलेले बिल आणि टॉम डॉरन्स हे भाऊ आणि त्यांच्याकडून शिकलेले रे हंट, ही मूळ माणसं. तिकडे तेव्हा तरणा घोडा दमवून, पाडून, त्याची हिंमत मोडून माणसाळवायची रीत होती आणि ही मंडळी म्हणाली की घोडा काय सांगतोय ते आधी बघा. पुढे ऐंशीच्या दशकात पॅट पॅरेली या अमेरिकन ट्रेनरनी नॅचरल हॉर्समनशिप हे नाव गाजवलं आणि मग त्याची मोठी इंडस्ट्री झाली, दोऱ्या, काठ्या, कोर्सेस, सगळं. पण विचार काही तेव्हाचा नाही. ग्रीसचा झेनोफन ख्रिस्तपूर्व चौथ्या शतकात लिहून गेलाय की रागात असताना घोड्याजवळ जाऊच नये, आणि जबरदस्तीने करून घेतलेलं घोड्याला कळतही नाही आणि ते सुंदरही दिसत नाही, नर्तकाला चाबूक मारून नाचवलं तर जसं दिसेल तसं. वरातीतली घोडी बघताना मला दर वेळी हेच आठवतं.

आता मूळ मुद्दा. घोडा दाबामुळे शिकत नाही, दाब ज्या क्षणी जातो त्या क्षणी शिकतो. तुम्ही दोरीला हलकासा ताण दिला, घोड्याने अर्धं पाऊल पुढे टाकलं आणि त्याच सेकंदाला तुम्ही दोरी ढिली सोडली, तर त्याला कळतं की अच्छा, हे हवं होतं. तुम्ही दोन सेकंद उशीर केलात तर तोवर त्याने मान हलवलेली असते, मग तो मान हलवायला शिकतो. सगळा खेळ टायमिंगचा आहे आणि हे टायमिंग आपल्याला शिकायचंय, घोड्याला ते आधीच येतं. त्याच्या जगण्याचीच ती रीत आहे, शिकार होणारं जनावर आहे ते, डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना, जवळजवळ सगळीकडचं दिसतं, फक्त कपाळाच्या अगदी समोर आणि शेपटीच्या थेट मागे दिसत नाही. म्हणून आपण प्रेमाने सरळ कपाळावर हात ठेवायला जातो ना, तो हात त्याला शेवटच्या क्षणी गायब झालेला असतो. खांद्याच्या बाजूने जा, श्वास सोडत जा.

मैनाच्या बाबतीत सगळ्यात आधी डॉक्टर बोलावले. हे मी मुद्दाम सांगतेय कारण यूट्यूबवर कुणी हे सांगत नाही, सरळ ट्रेनिंग सुरू. तिच्या दाढांच्या कडा इतक्या धारदार झाल्या होत्या की गालाला आतून जखमा होत्या, भूल देऊन कानस मारून घेतली. दुखत असलेल्या तोंडाशी विश्वास-बिश्वास काही होत नसतो, आधी दुखणं काढा.

मग लगाम खुंटीला टांगून ठेवला आणि खाजवायला सुरुवात केली. मान जिथे संपते आणि पाठ जिथे सुरू होते तो उंचवटा, घोडे एकमेकांना तिथेच दातांनी खाजवतात. फ्रान्समधल्या कामार्ग घोड्यांवरचा एक अभ्यास 1993 साली प्रसिद्ध झाला होता, त्यात तिथे खाजवल्यावर हृदयाचे ठोके मंदावलेले दिसले. मैनाला तिथे हात लागला की वरचा ओठ लांब होऊन थरथरायला लागतो, बघायला फार गोड दिसतं. तिथून आयाळीच्या कडेकडेने हात वर न्यायचा, आणि ती जिथे ताठ होईल त्याच्या चार बोटं आधीच थांबायचं आणि हात काढून घ्यायचा. ताठ झाल्यावर काढायचा नाही, आधीच काढायचा. ती ताठ झाल्यावर काढला तर ती ताठ व्हायला शिकते, हे वर सांगितलंच.

चार बोटं आधी म्हणजे कधी, हे कळायला तिचं तोंड वाचावं लागतं. डोळ्याच्या वरची कातडी त्रिकोणी उचलली जाते, नाकपुडीमागे बारीक सुरकुती पडते, श्वास थांबतो. श्वास थांबला की मी थांबते. मग ती एकदम फुर्र करून श्वास सोडते, तोंड चघळते, मान खाली येते. हे चघळणं म्हणजे घोड्याने हार मानली असं काही ट्रेनर सांगतात, मला ते अजिबात पटत नाही. ताण होता तो आता उतरतोय, एवढंच ते आहे.

राउंड पेनमध्ये, म्हणजे गोल कुंपणात, पळवणंही मला तसंच पटत नाही. अमेरिकन ट्रेनर माँटी रॉबर्ट्स यांची जॉइन-अप नावाची पद्धत फार प्रसिद्ध आहे, 1989 मध्ये राणी एलिझाबेथनी त्यांना विंडसरच्या राजवाड्यात बोलावून ती बघितली होती. गोल कुंपणात घोड्याला लांब पळवायचं, मग पाठ फिरवून उभं राहायचं की तो स्वतःहून तुमच्यामागे येतो. बघायला जादू वाटते. पण जो घोडा आयुष्यभर पळवला गेलाय त्याला पहिल्याच भेटीत अजून पळवायचं आणि तो थांबला की त्याला मैत्री म्हणायचं, हे मैनासाठी मला नको होतं. कळपाचा लीडर बना वगैरे भाषाही मी सोडून दिलीये. तिला लीडर नकोय, तिला असं माणूस हवंय जे तिचं ‘नाही’ ऐकून घेतं.

आणि ‘नाही’ ऐकून घेतल्यावर ती जास्त वेळा ‘हो’ म्हणायला लागली, हे मी माझ्या डोळ्यांनी बघितलं. एके दिवशी मी हात मध्येच काढून घेतला तर तिने मान वळवून डोकं माझ्या हाताखाली आणलं. चाचा शेजारी तोबरा भरत होते, ते नुसते म्हणाले, आता घाई करू नका ताई.

कान सगळ्यात शेवटी. कानाच्या बुडाशी हाताची मागची बाजू लावायची, बोटं नाही, कारण बोटं पकडतात हे तिला माहितीय. मग मऊ दोरीची मोरखी, म्हणजे तोंडात काही न जाणारा दोरीचा साज, मग जुनी मोकळी लगामाची वादी नुसती मानेवर. लगाम कानांवरून ओढायचाच नाही अशी एक सोय आहे, गालाची वादी बक्कल काढून मोकळी करायची, पट्टा कानांच्या मागून मानेवर ठेवायचा आणि खाली बक्कल लावायचं, कान दुमडावेच लागत नाहीत. ज्यांच्या घोड्याला कानांची भीती आहे त्यांनी हे उद्यापासून करून बघा, पाच मिनिटं जास्त लागतील फक्त.

आता मी तिच्यावर बसते ती बहुतेक वेळा मोरखीवरच, तोंडात काही नाही. शेताच्या बांधाने रेवाल या तिच्या झुळझुळीत, न हिंदकळणाऱ्या चालीत जाते तेव्हा दोन्ही कान आळीपाळीने मागे येतात, माझ्याकडे लक्ष असतं. थांबायचं असेल तर मी श्वास सोडून बूड जड करते, ती थांबते. रस्त्यावर जायचं असेल तर साधा गुळगुळीत लगाम असतो आणि तो ती स्वतः तोंड उघडून घेते. डीजेचा आवाज लांबून आला तरी अजून अंग ताठ होतं, तेव्हा मी उतरते आणि आम्ही दोघी पायी परत येतो. याला लोक घोडी डोक्यावर बसवली म्हणतात, म्हणू देत.

सध्या टेम्पोत चढण्यावर काम चालू आहे, कारण पुढच्या डिसेंबरात चाचांना तिला सारंगखेड्याच्या यात्रेला, तिथल्या घोडेबाजारात न्यायचंय, विकायला नाही, नुसतं दाखवायला. फळी खाली टाकून टेम्पो शेतातच उभा करून ठेवलाय, ती फळीवर पुढचे दोन पाय ठेवते, आत वास घेते आणि मागे येते, आम्ही येऊ देतो. तोवर जमलं तर ती जाईल, नाही जमलं तर चाचा एकटे एसटीने जाऊन येतील असं त्यांनीच सांगितलंय.