सहा शिट्ट्या आणि एक कुकारो

म्हापशाहून सकाळी निघालो, वाळपईत भाजीपाव खाल्ला, हिवरेंचा धबधबा पोटभर बघितला, छान दिवस गेला. पण मला लिहायचंय ते परतीच्या दोन तासांबद्दल.

जुलै महिना. जाताना घोटाभर पाणी असलेला व्हाळ, म्हणजे ओढा, परत येईपर्यंत कमरेच्या वर चढलेला, लाल गढूळ, त्यात फांद्या वाहतायत. वर डोंगरात पाऊस पडला की खाली ऊन असतानाही पाणी चढतं, हे वाट सांगणाऱ्याने आम्हाला सांगितलंच नाही, त्याचा मला अजून राग आहे. तातडीच्या मदतीचा 112 नंबर आपल्या सिमला नेटवर्क नसलं तरी दुसऱ्या कंपनीच्या टॉवरवरून लागू शकतो, पण तिथे कुठलाच टॉवर नव्हता.

आधी आम्ही ओरडलो. पाण्याचा आवाज एवढा की शेजारच्याचं बोलणं ऐकू येईना, दहा मिनिटांत माझा घसा बसला. मग बहिणीला आठवलं की तिच्या सॅकच्या छातीवरच्या पट्ट्याला, बकलमध्येच, छोटी शिट्टी आहे. मी ती घेऊन सुटलो, लांब लांब, जीव तोडून, कशीही. तिने हातातून काढून घेतली. म्हणाली, "दादा, मोजून वाजवायची. मिनिटात सहा, मग एक मिनिट गप्प." डोंगरात मदत मागायची हीच खूण, उत्तर द्यायचं तर मिनिटात तीन. अंधारात टॉर्चचंही तसंच.

व्हाळापासून लांब, वरच्या कातळावर गेलो, तिचा केशरी रेनकोट फांदीला बांधला. धूर करायचा तर सगळी लाकडं भिजलेली.

ते गप्प बसायचं मिनिट फार जड जातं हो. हात शिवशिवतात, वाटतं वाजवत राहावं, पण आपणच वाजवत राहिलो तर समोरच्याचं उत्तर ऐकणार कसं? ती घड्याळावर बोट ठेवून बसलेली, नखात लाल चिखल, ओठ हलतायत.

चौथ्या खेपेच्या शांततेत पलीकडून आलं, "कूऽऽऽऽ!" कुकारो! रानात एकमेकांना हाक घालायची ती आपली जुनी तऱ्हा. मग डोक्यावर प्लॅस्टिकची खोळ, हातात कोयता, एक म्हातारे मामा दिसले. "थंयच रावात! उदकांत देंवू नाकात!" तिथेच थांबा, पाण्यात उतरू नका.

पाणी उतरायला दीड तास लागला. तोवर ते पलीकडे बसून राहिले, मग दोर टाकून एकेकाला घेतलं. त्यांच्या पडवीत कोरा चहा पिताना कळलं, माझ्या पहिल्या लांब शिट्ट्या त्यांनी कुळागरात, म्हणजे सुपारीच्या बागेत, ऐकल्या होत्या आणि शीळकरी कस्तुर समजून सोडून दिल्या, पावसात तो पक्षी व्हाळाकाठी अगदी माणसासारखी शीळ घालतो. मग सहा वाजल्या, थांबल्या, परत सहा. तेव्हा ते कोयता घेऊन उठले.

"सवणें मेजिना," म्हणाले. पक्षी मोजत नाही.